आधी काय बदललं ते सांगा

परवा घरचं इंटरनेट मंद झालं. मी कागद घेतला, त्याचे दोन भाग केले, एका बाजूला लिहिलं ‘काय हलवलं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘काय फरक पडला’. मग राउटर, चार्जर, खोली असं एकेक तपासत गेले. पाऊण तासात दोष सापडला. ही पद्धत माझी नाही, गणपत वारघड्यांची आहे. मला याद्या करायची सवय लहानपणापासून आहे, पण यादीत एका वेळी एकच गोष्ट हलवायची असते हे त्यांनी शिकवलं. त्यांच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं टाळत आले. आता लिहून टाकते.

वारघडे मूळचे साखरशेतचे. नव्वदच्या दशकात जव्हारच्या बाजारात त्यांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले उघडे रेडिओ. मी तेव्हा जव्हारला कनिष्ठ सहायक होते आणि एकटीच राहायचे. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की माझा रेडिओ खरखर करायचा, म्हणून तो घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी रेडिओला हातही लावला नाही.

“आधी काय बदललं ते सांगा,” ते म्हणाले.

“काही बदललं नाही.”

“आठवा. घाई नाही. खोलीत काही नवीन आणलं?”

काही नाही, असं मी पुन्हा सांगणार होते, एवढ्यात आठवलं. आठवड्यापूर्वी घरमालकांनी ट्यूबलाइट बसवली होती.

“मग रेडिओ घरी न्या, ट्यूब बंद करा आणि ऐका. खरखर गेली तर ट्यूबचा चोक बदला. मी रेडिओ उघडला तर उगाच एक स्क्रू हरवेल.”

खरखर गेली. तेव्हापासून हा माणूस माझ्या लक्षात राहिला.

त्यांची कामाची रीत बघण्यासारखी होती. यंत्र उघडायच्या आधी ते एका कागदावर पेन्सिलीने गोल काढायचे आणि निघालेला प्रत्येक स्क्रू ज्याच्या त्याच्या गोलात ठेवायचे. पेन्सिल कानावर. बोलणं कमी, तेही यंत्राकडे बघत. एकदा माझ्यासमोर जामसरचा एक म्हातारा आला. त्याच्या रेडिओचं पाठीमागचं झाकण कोणीतरी सुरीने उचकटलेलं स्पष्ट दिसत होतं.

“बोलतच नाय, भाऊ. मी काय पण केला नाय त्याला,” म्हातारा आधीच म्हणाला.

“तुम्ही केलं असं कोण म्हणतंय, बाबा? बोलायचा बंद झाला त्याच्या आधी काय झालं?”

“आधी ना... मुंग्या शिरल्या होत्या. मंग जरा झाकण काढला. मंग रॉकेल लावला थोडासा.”

“थोडासा म्हणजे?”

“वाटीभर.”

वारघडे हसले नाहीत. म्हातारा गेल्यावर मला म्हणाले, “कोणी केलं असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. काय झालं असं विचारलं की बिचारा सगळं सांगून टाकतो. आपल्याला दुरुस्तीशी मतलब.”

पुढे रेडिओ गेले, टेप गेले, आणि दुकानही गेलं. मी बढती होऊन मोखाड्याला आले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. एका योजनेचं कार्यालय होतं एवढं पुरे. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे. गावोगावच्या लहान मुलांच्या वजनांचे तक्ते दर शनिवारी दुपारी चारच्या आत इंटरनेटवरून जिल्ह्याला पाठवायचे असत. त्या कामासाठी कंत्राटी ऑपरेटर नेमायचा होता. अर्ज आले, त्यात वारघड्यांचा अर्ज निघाला. पंचेचाळिशी उलटल्यावर ते जव्हारला टायपिंग आणि संगणक दोन्ही शिकले होते. निवड झाली. दर वर्षी मार्चअखेर कंत्राट संपायचं आणि साहेबांच्या शिफारशीने पुन्हा मिळायचं.

ते रोज जव्हारहून सकाळच्या एसटीने यायचे. डब्यात नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी, ठरलेली. जेवताना एकच विषय, मुलगी सुनंदा. ती नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कोर्स संपायला अजून दीड वर्ष होतं. “अजून एक मार्च निघाला पाहिजे, बाई. फक्त एक. मग मला काढा नाहीतर ठेवा,” असं ते चेष्टेत म्हणायचे. चेष्टा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन हजार आठ साल असावं. जानेवारीत कार्यालयातला जुना संगणक बंद पडला आणि वरून एक लॅपटॉप आला. त्याला वायर जोडायची गरज नव्हती, वायरलेस आतच होतं. सगळ्यांना कौतुक. पण पहिल्याच शनिवारी तक्ता चढेना. पट्टी निम्म्यापर्यंत जायची आणि थांबायची. कधी तक्ता चारऐवजी साडेपाचला गेला, कधी सोमवारी. जिल्ह्याहून फोन यायला लागले. आमचे साहेब नवीन होते. माणूस वाईट नव्हता, पण वरचा प्रत्येक फोन त्यांना चावायचा.

“वारघडे, हा लॅपटॉप नवा कोरा आहे,” साहेब म्हणाले. “यंत्र नवं, लाइन चालू. मग मंद काय आहे? माणूस?”

“शोधतो, साहेब.”

“शोधा. मार्चपर्यंत शोधा. नाहीतर एप्रिलपासून हे काम एजन्सीला देतो. त्यांची माणसं तयार असतात.”

वारघड्यांनी वापरून झालेल्या अर्जांचे पाठकोरे कागद घेतले, मधोमध रेघ मारली आणि सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “बाई, राउटर कुठं ठेवलाय?”

“स्टोअरमध्ये. सुरक्षित आहे.”

“चालू आहे ना?”

“हिरवे दिवे लागतात. मी रोज बघते.”

“एकदा बघता येईल मला?”

स्टोअर माझ्या ताब्यात. कंत्राटी माणसाला आत प्रवेश नाही, तसा लेखी आदेशच होता. मी तसं सांगितलं. त्यांनी साहेबांकडे अर्ज केला. “लॅपटॉप तुमच्याकडे दिलाय, आधी तो बघा,” असा शेरा आला. त्यांनी मान हलवली आणि ते लॅपटॉपकडे वळले.

एक शनिवार बॅटरीत गेला. भारनियमन होतं; इन्व्हर्टरवर राउटर तेवढा चालायचा, लॅपटॉप बराच वेळ बॅटरीवर. बॅटरी वाचवायला यंत्र आतलं वायरलेसच अर्धं झोपवतं, हे त्यांनी शोधून काढलं आणि ती सेटिंग बदलली. थोडा फरक पडला. कागदावर लिहिलं, ‘थोडा’. पुढच्या शनिवारी व्हायरसचा बंदोबस्त करणारा प्रोग्राम नेमका दुपारी तीन वाजता मागच्या मागे स्वतःचं काहीतरी उतरवून घेतो हे सापडलं. त्याची वेळ सकाळची केली. पुन्हा ‘थोडा’. त्यानंतर वायरलेसचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, नवा आणायचा होता. तो आमच्या नेटवर उतरेना, म्हणून ते जव्हारच्या सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर घेऊन आले. त्या नोंदीपुढे लिहिलं, ‘नाही’.

दोन बदल एकत्र करून बघा, लवकर होईल, असं मी एकदा सुचवलं.

“मग कशाने झालं ते कळणार नाही, बाई. आणि पुन्हा बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून.”

साहेबांच्या टेबलावर बिनवायरीचा फोन होता. खोलीभर फिरत बोलता यायचं त्याच्यावर. वारघड्यांना वाटलं, ह्याच्या लहरी त्याच्या लहरींना अडवत असतील. ते सरळ साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, दहा मिनिटं फोनवर बोलू नका.”

“काय?”

“प्रयोग आहे.”

“अहो, कलेक्टर ऑफिसचा फोन आला तर?”

“उचलू नका.”

आमचा शिपाई लहानू दाराआड तोंड दाबून हसत होता. साहेब घड्याळ बघत दहा मिनिटं गप्प बसले. नवव्या मिनिटाला फोन वाजला आणि त्यांनी झडप घातली. तेवढ्या वेळात मिळालेलं उत्तर होतं ‘किंचित’.

कार्यालयात हा विनोदाचा विषय झाला. शनिवार आला की कोणी तरी म्हणायचं, “वारघडे, आज काय, पंखा बंद ठेवायचा का?” ते म्हणायचे, “पंख्याचं पुढच्या आठवड्यात.” आणि खरोखर पुढच्या आठवड्यात पंखा बंद करून बघायचे. हसणाऱ्यांना घाम यायचा. पण मार्च लागला तसे ते थकलेले दिसायला लागले. डबा अर्धा परत जायचा. पेन्सिल कानावर असूनही ती टेबलावर शोधायचे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कार्यालयाचा नकाशा काढला. प्रत्येक खोली, प्रत्येक टेबल. मग उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन, पूजेचं ताट न्यावं तसा, ते एकेका जागी उभे राहिले आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या रेघा मोजून नकाशावर आकडे लिहीत गेले. हॉलमध्ये एक. साहेबांच्या खोलीत एक. स्टोअरच्या दाराला चिकटून उभं राहिलं तरी एकच. आणि मागच्या ओसरीत, संडासाच्या वाटेवर, स्टोअरच्या खिडकीखाली, तीन.

त्या शनिवारी त्यांनी तिथंच स्टूल टाकलं आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. वारा होता, कागदांवर दगड ठेवले होते. जाणारा-येणारा बोलल्याशिवाय राहत नव्हता.

“वारघडे, इथं ऑफिस थाटलं का?” लहानूने विचारलं.

“वरच्यांचा हुकूम आहे, लहानू. प्रत्येकाची हजेरी घ्यायची. तुझी आज तिसरी खेप.”

तक्ता पावणेचारला गेला. जानेवारीनंतर पहिल्यांदा वेळेत. पण ते खूश दिसले नाहीत. कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“बाई, दाराशी एक आणि मागं खिडकीखाली तीन. असं कसं? राउटर स्टोअरमध्ये नक्की कुठं आहे?”

“कपाटात.”

“कुठल्या कपाटात?”

“लोखंडी. मोठ्या. कुलपात आहे, काळजी नको.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग हळूच विचारलं, “जानेवारीत काय बदललं, बाई?”

आणि जामसरच्या म्हाताऱ्यासारखं मी सगळं सांगून टाकलं. जानेवारीच्या सुरुवातीला साठा पडताळणी झाली. तेव्हा राउटर हॉलमध्ये जुन्या संगणकाशेजारी असायचा. पडताळणीत शेरा आला, ‘मौल्यवान वस्तू उघड्यावर’. आमच्याकडे असा शेरा आला की वस्तू कुलपात जाते, मग ती खुर्ची असो की भिंतीवरचं घड्याळ. मी फोनची लाइन स्टोअरमध्ये ओढून घेतली, कपाटाच्या पाठीला गंजून भोक पडलं होतं त्यातून वायरी आत घेतल्या, राउटर मधल्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयाच्या कायमच्या वस्तूंच्या वहीत, नोंद केली. रोज सकाळी कपाट उघडून हिरवे दिवे बघत होते. त्याच आठवड्यात लॅपटॉप आला. वारघडे तेव्हा सुनंदाच्या वसतिगृहाच्या कामाला नाशिकला गेले होते. परत आले तेव्हा त्यांना लॅपटॉप नवा दिसला, आणि राउटर स्टोअरमध्ये आहे एवढंच माझ्याकडून कळलं.

“कपाटाची पाठ खिडकीकडे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“त्या भोकातून जेवढं बाहेर येतंय तेवढ्यावर आपण तीन महिने काढले.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी किल्ल्या घेतल्या, आदेश बाजूला ठेवला आणि त्यांना आत घेतलं. त्यांनी राउटर काढून कपाटाच्या डोक्यावर ठेवला. हात लावून म्हणाले, “तापलाय बिचारा.” हॉलमध्ये आलो. पाच रेघा. त्यांनी आधीचा तक्ता पुन्हा पाठवून बघितला. लहानूने चहा आणेपर्यंत तो गेलासुद्धा. वारघड्यांनी कागदावर नोंद केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

सोमवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. मी डेड स्टॉक रजिस्टरवर सही घ्यायला आधीच तिथं उभी होते.

“झालं म्हणे दुरुस्त. लेखी द्या. तीन महिने काय चाललं होतं?”

वारघड्यांनी उभ्या उभ्या तीन ओळी लिहून दिल्या. उपकरणाची जागा योग्य नव्हती. ती बदलली. आता वेग ठीक आहे.

“जागा योग्य नव्हती? ठेवलं कोणी होतं तिथं?”

“ते मी विचारलं नाही, साहेब.”

ते खरंच होतं. त्यांनी तो प्रश्न कधीच विचारला नव्हता. साहेबांच्या समोर, माझ्या हातातल्या रजिस्टरात, कोणी, कधी, कुठल्या खणात ठेवलं ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी पान उघडलं नाही. त्या महिन्यात माझ्या कामाचा वर्षाचा गोपनीय अहवाल साहेब लिहिणार होते. आई वाडा गावी एकटी होती आणि माझा तिकडच्या बदलीचा अर्ज वर गेलेला होता. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली. खरं तर कारणं मोजत बसले, तेवढ्यात बोलायची वेळ गेली.

“नुसती जागा बदलायला तीन महिने? मग तुम्ही ऑपरेटर कशाचे?” साहेब म्हणाले आणि माझ्याकडे हात केला. “द्या, बाई, सही कुठं करायची?”

मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

मार्चअखेर वारघड्यांचं कंत्राट पुढे गेलं नाही. काम एजन्सीकडे गेलं. वारघड्यांकडून वस्तू ताब्यात घेण्याची यादी मीच केली: लॅपटॉप, चार्जर, पिशवी, माऊस, पेन ड्राइव्ह. ते एकेक टेबलावर ठेवत गेले, मी खूण करत गेले. शेवटी त्यांनी ते पाठकोरे कागद पुढे केले.

“हे यादीत नाही,” मी म्हणाले. 

“असू दे. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.”

“वारघडे, सुनंदाचं...”

“बघतो काहीतरी,” ते म्हणाले. “साडेपाचची एसटी आहे.”

एजन्सीचा माणूस आला. त्याला पहिल्या दिवसापासून पाच रेघा मिळाल्या. एकही तक्ता उशिरा गेला नाही. साहेब महिन्याच्या बैठकीत म्हणाले, “बघा, माणूस बदलला की फरक पडतो.” सगळ्यांनी माना हलवल्या. मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत होते, ते वाक्यही लिहिलं.

माझा अहवाल चांगला आला. बदली मात्र झाली नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. दोनेक वर्षं झाली असतील. मोखाड्याहून जव्हारला जाताना चढावर एसटी तापली आणि ड्रायव्हरने पाणी ओतायला थांबवली. प्रवासी खाली उतरले. टेकडीवर मोबाइलचा नवा टॉवर उभा होता. रस्त्याकडेला एक माणूस जीपमधून डिझेलचे कॅन उतरवून घेत होता. वारघडे होते. टॉवरच्या जनरेटरवर राखणीला लागले होते. केस पूर्ण पांढरे, कानावर पेन्सिल नव्हती.

“बाई! इकडं कुठं?” त्यांनी कॅन खाली ठेवला.

मी आधी सुनंदाचं विचारलं.

“वर्ष मोडलं तिचं. वसतिगृह सोडावं लागलं. वर्षभर तिथंच एका दवाखान्यात आया म्हणून राहिली. आता परत बसलीय कोर्सला. शेवटचं वर्ष.” कॅनचं झाकण घट्ट करत म्हणाले, “तिच्याबरोबरच्या मुली नोकरीला लागल्यासुद्धा. आता तिच्यावर सिस्टर म्हणून हुकूम सोडतात. ती म्हणते, बाबा, चालायचंच.”

एवढी दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य मी बोलून टाकलं. “त्या दिवशी मी बोलायला हवं होतं, वारघडे. रजिस्टर माझ्या हातात होतं.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग टॉवरकडे बघत म्हणाले, “माहीत आहे, बाई. मी पण वाट बघत होतो.”

एवढंच. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला. लोक बसमध्ये चढायला लागले.

“जा, जागा जाईल तुमची,” ते म्हणाले.

मला खिडकी मिळाली. वारघडे कॅन उचलून टेकडीच्या पायवाटेने चढत होते. निम्म्यावर त्यांनी तो खाली ठेवला, हात झटकले, दुसऱ्या हाताने उचलला आणि पुन्हा चालायला लागले. एसटी वळणावर येईपर्यंत त्यांनी असं तीनदा केलं. मागे एकदाही बघितलं नाही.